सव्वीस भाषांतला स्नानसोपान

कपाटात एकतीस पुस्तके होती. वर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे ती सव्वीस भाषांतली होती. पाच भाषांच्या दोन-दोन प्रती. एकतीसपैकी एकोणीस पुस्तकांना कसर लागली होती, चारांचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते, आणि उडिया व ब्रह्मी (ब्रह्मदेशची) या दोन पुस्तकांच्या मध्ये एक पाल चपटी होऊन वाळली होती. सगळ्या मुखपृष्ठांवर हळदकुंकवाचे थर होते. दर दसऱ्याला पूजा, दर दसऱ्याला नवा थर, जुना कोणी पुसत नाही. मी पट्टी लावून पाहिले. सर्वांत जाड थर साडेतीन मिलिमीटर भरला. त्यात तुपाची बोटे लागल्यामुळे मुंग्या होत्या. काही जिवंत, बऱ्याचशा नव्हत्या.

पुस्तके माझ्या चुलत्यांची. ढुंढिराजशास्त्री पंचगंगा घाटावरचे तीर्थपुरोहित. तीस वर्षांपूर्वी त्यांनी संस्कृतात ‘स्नानसोपान’ नावाचे चौसष्ट श्लोकांचे पुस्तक लिहिले. काशीत कोणत्या घाटावर, कोणत्या क्रमाने, काय संकल्प करून स्नान करावे, एवढाच त्याचा विषय. पुस्तक वाईट नाही. मी ते लहानपणी पाठ केले होते.

सन १९२८ मध्ये मी अलाहाबादेहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि घरी आलो. त्याच सुमारास दक्षिणेतल्या एका संस्थानाच्या राजेसाहेबांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचले, की कोणता ग्रंथकार जगातल्या सर्वांत जास्त भाषांत गेला याची विलायतेत मोजदाद करतात. काशीतल्या ग्रंथकारांचीही तशी करावी असे त्यांच्या मनात आले. ज्याचा आकडा मोठा त्याचा राजा घाटावर सत्कार, आणि संस्थानच्या पाठशाळेत त्याच्या नावाची शिळा. बंगाली टोला या वस्तीतल्या एका ग्रंथकाराचा आकडा चौदा होता. काकांचा सव्वीस. दिवाणांची अट एकच होती: यादी कोणा पदवीधराने तपासून तिच्यावर सही करावी.

“तू सायन्सवाला,” काका मला म्हणाले. “तुझी सही म्हणजे तराजू. कॉलेजातल्या डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेचं मी बोलून ठेवलंय. दिवाणसाहेबांची चिठ्ठी आली की काम फत्ते.”

“मग पुस्तकं उघडून बघतो.”

“आज नको. आज वद्य अष्टमी. अनध्याय, पुस्तक उघडायचं नाही.”

“मग आज मी काय करू?”

“मोज की! मोजायला कुठं अनध्याय आहे?”

असे म्हणून त्यांनी अंगठा तोंडात घालून ओला केला आणि गुजराती पुस्तकाची सुटू लागलेली चिठ्ठी दाबून बसवली. तोंडात विडा होता. चिठ्ठीवर तांबडा ओला ठसा उमटला आणि हळूहळू पसरला. मी दुसरीकडे पाहिले.

जिन्याशी शरदिनीवहिनी उभ्या होत्या. काकांचा मुलगा विष्णू, त्याची ही बायको. माहेर तंजावरचे; तिथल्या मराठी घरांतल्या मुलींप्रमाणे त्या घरात मराठी आणि दारात तमिळ बोलत मोठ्या झालेल्या. त्यांनी मला हात धुवायला पाणी घातले, आणि मी तिसऱ्यांदा साबण लावला तेव्हा हसल्या.

“भावजी, कातडी काढाल आता. झाली मोजून?”

“एकतीस. भाषा सव्वीस.”

“तमिळ धरून?”

“धरून. हिरव्या कापडाची बांधणी आहे.”

“ते तमिळ नाही,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे अक्षरं तमिळ आहेत. मी लग्न होऊन आले त्या वर्षी वाचलं. मदुरेकडच्या कोणा गृहस्थानं आपल्या भावाला लिहिलंय, विहिरीचा दोर बदल, तांबडी गाय विकू नकोस, धाकटीला तिच्या सासरी पाठवायची घाई करू नकोस. सगळं पुस्तक तेच. मामंजींना सांगितलं. म्हणाले, गप्प बैस.”

मी हात पुसायचे विसरलो.

त्यांनी स्वयंपाकघरातल्या पेटीतून एक वही काढून आणली. घट्ट शिवलेली, कोरड्या कापडात बांधलेली. इतक्या वेळात हातात धरावीशी वाटलेली ती पहिली वस्तू.

“ही मी केली. चौसष्टच्या चौसष्ट. चार वर्षं लागली, दुपारच्या फुरसतीत. मूळ पुस्तकात घाटांचा क्रम नऊ ठिकाणी चुकलाय, तिथं खाली टीप दिलीय. भावजी, एवढं करा. तुमच्या यादीत तमिळच्या पुढं ते हिरवं पुस्तक लिहू नका, ही वही लिहा. आणि पुढं माझं नाव.”

“नाव कशासाठी?” मी विचारले. मला खरेच समजून घ्यायचे होते.

“माझी आई तमिळ वाचते. तिला मोतीबिंदू होतोय. यादी छापून दक्षिणेत जाणार म्हणतात. तिला अक्षरं दिसतायत तोवर तिनं मुलीचं नाव छापलेलं बघावं. बस.”

मी लिहीन म्हणालो. मला ते अवघड वाटले नाही. जे आहे ते लिहायचे, एवढेच होते.

नवमीला मी पुस्तके उघडली. मला संस्कृत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी सोडून काही वाचता येत नाही, म्हणून मोजण्याची एक रीत बसवली. मूळ पुस्तकात ‘गंगा’ हा शब्द अठ्ठ्याऐंशी वेळा येतो. भाषांतर कसेही केले तरी गंगेला दुसरे काय म्हणणार? थोडेफार कमीजास्त होईल. तेव्हा प्रत्येक लिपीत हा शब्द कसा दिसतो ते शोधायचे आणि पुस्तकात तो आकार मोजायचा. काशीत हे सोपे आहे. वेगवेगळ्या मुलखांची अन्नछत्रे आणि धर्मशाळा पालथ्या घालून चार दिवसांत मी माझ्या वहीत एका पानावर सगळ्या लिप्यांत ‘गंगा’ लिहून घेतली. लोकांनी कौतुकाने लिहून दिली. एका नेपाळी म्हाताऱ्याने तर लिहून झाल्यावर कागदाला नमस्कार केला.

मग मोजायला बसलो. पाने सोडवताना कसरीचा भुसा बोटांना लागत होता, आणि त्याला शिळ्या तेलासारखा वास होता. पहिले फळ असे: ‘मराठी’ आणि ‘मोडी’ या दोन भाषा धरलेल्या होत्या. एकच मजकूर, एकदा बाळबोध, एकदा मोडीत. ‘हिंदी’, ‘ब्रज’, ‘अवधी’ आणि ‘भोजपुरी’ या चार पुस्तकांत अक्षरसुद्धा वेगळे नव्हते. फक्त वेष्टने चार रंगांची. तिबेटी आणि सिंहली पुस्तकांत पहिल्या पानावर गणपतीचे चित्र आणि पुढे कोरे कागद होते. उरली वीस. त्यांतल्या पंधरांत गंगा दहापेक्षा कमी वेळा होती. तेलुगूत एकदा. ब्रह्मीत एकदाही नाही.

हे कसे झाले ते काकांनीच मला मोकळेपणाने सांगितले. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. आमच्याकडे पुस्तकदानाचे मोठे पुण्य मानतात: यात्रेकरूने ग्रंथ हाताने लिहावा आणि तीर्थावर ब्राह्मणाला द्यावा. काकांच्या घरी उतरलेल्या प्रत्येक मुलखातल्या एका शहाण्या माणसाला ते समोर बसवत, स्नानसोपानाचा अर्थ हिंदीत सांगत आणि म्हणत, आता हे तुझ्या भाषेत लिही. माणूस लिही. काय लिहितो हे काकांना कळत नसे. पाने भरली की ती शिळाप्रेसवर जात. छापखान्याचे खिळे जुळवायचे असते तर निदान जुळाऱ्याने वाचले असते. शिळेवर जसे लिहिले तसे उमटते, वाचण्याची गरज कोणालाच पडत नाही. पाचशे प्रती. त्या पुढच्या यात्रेकरूंना प्रसाद म्हणून. ते डोक्याला लावून घरी नेत आणि देव्हाऱ्यात ठेवत.

तेलुगू पुस्तक मी एका छत्रात घेऊन गेलो. राजमहेंद्रीकडचे एक गृहस्थ ओसरीत सुपारी कातरत बसले होते. हिंदी बरी बोलत. त्यांनी पुस्तक पाहिले मात्र, अडकित्ता खाली ठेवला.

“अरे, हे! हे तर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.”

“काय लिहिलंय?”

ते वाचून सांगू लागले. हसताना त्यांना धाप लागत होती. “‘हा भटजी समोर बसला आहे म्हणून लिहितो आहे. त्याला आपली अक्षरे येत नाहीत. तीन दिवस झाले, पोट चालले आहे. भातात खडे आहेत. अंथरुणात ढेकूण इतके, की माझ्या मेहुण्याने एका रात्रीत साठ मारले आणि मग मोजायचे सोडले. विहिरीच्या पाण्यात काल उंदीर सापडला, तो काढून तेच पाणी दिले. बंधूंनो, जो कोणी हे वाचेल त्याने या घरी उतरू नये.’ पुढंही आहे. फोडांचं आहे. सांगू?”

“नको.”

“बघा, पुस्तक मात्र खूप उपयोगी पडलं! आमच्या जिल्ह्यातलं कोणी चौदा वर्षं तुमच्या त्या शास्त्र्यांकडं उतरत नाही.”

काका नेहमी म्हणत, की तेलुगू यात्रेकरू शेजारच्या घाटवाल्यांनी फितवले.

छत्रातून बाहेर पडल्यावर मी ते पुस्तक अंगापासून लांब धरून चाललो. ढेकणांमुळे नव्हे. त्या घरात मी वाढलो, ढेकूण मला माहीत होते. पाचशे देव्हाऱ्यांत तो उंदीर कुंकू लावून ठेवलेला होता आणि आपण त्याची यादी करत आहोत, याची मला किळस आली.

माझे फळ असे निघाले. पाच पुस्तकांत गंगा योग्य प्रमाणात होती: मराठी, हिंदी, नेपाळी, बंगाली, गुजराती. त्यांत बंगाली विसाव्या श्लोकावर आणि गुजराती एकविसाव्यावर संपले होते. पूर्ण भाषांतरे तीन. वहिनींची वही धरून चार. तिच्यात गंगा एक्याण्णव वेळा होती. वाढलेल्या तीन त्यांच्या टिपांत होत्या.

मी हे काकांना सांगितले तेव्हा ते जेवत होते. त्यांनी मला शेजारी पाट मांडायला लावला.

“साखरभात घे. बरं, मग?”

“मग सव्वीस नाहीत, काका. चार आहेत.”

“तू मोजलीस तेव्हा किती होती?”

“तेव्हा चिठ्ठ्या मोजल्या होत्या.”

“पुस्तकं होती की नाही? प्रत्येकावर निराळी लिपी होती की नाही? अरे बाबू, विलायतेत ते शंभर भाषा म्हणतात, ते काय आत शिरून बघतात? कोणाला येतात शंभर भाषा? चिठ्ठ्याच मोजतात.” त्यांनी भाताचा घास बोटांनी वळला. तूप मनगटापर्यंत ओघळले. त्यांनी ते चाटले. “हे बघ, माणसानं भक्तीनं लिहिलं, भक्तीनं दिलं, लोकांनी भक्तीनं पुजलं. यात तुला खोटं कुठं सापडलं?”

“तेलुगूत तुमच्या विहिरीतला उंदीर आहे.”

त्यांनी घास खाली ठेवला. “अजून आहे का तो?” आणि मोठ्याने हसले. त्यांचे हसणे इतके निर्मळ होते, की मला त्याचीच शिसारी आली.

“तमिळच्या पुढं वहिनींची वही लिहिणार आहे मी. त्यांच्या नावासकट.”

हसणे थांबले. “ते नको. स्नानविधीवर बायकांनी लिहायचं? उद्या दक्षिणेतले शास्त्री विचारतील, हा ग्रंथ सोवळ्यातला की चुलीपुढचा? माझं मूळ पुस्तकसुद्धा वर्ज्य करतील. आणि त्या नऊ टिपा! माझ्या घरात बसून माझ्याच चुका दाखवणार?”

“चुका आहेत का?”

“आहेत,” काका म्हणाले. “म्हणून तर नको.”

विष्णूदादा समोरच जेवत होता. तो पाठशाळेत व्याकरण शिकवतो. “बाबा म्हणतात त्यात काहीतरी असेलच,” तो म्हणाला, आणि ताक मागितले. ताक वाढायला वहिनीच आल्या. त्यांनी आधी त्याला वाढले, मग मला, मग काकांना.

प्रमाणपत्र मी लिहिले. शास्त्रीय अहवाल लिहायची जी रीत मला शिकवली होती त्याच रीतीने लिहिले: प्रथम काय समोर होते ते, मग पद्धत, मग फळ. पहिले वाक्य: ‘ढुंढिराजशास्त्री यांच्या संग्रही स्नानसोपानाची सव्वीस भाषांची नावे असलेली एकतीस पुस्तके मी प्रत्यक्ष मोजली.’ त्याखाली दोन पानांत बाकी सगळे, आणि शेवटी: ‘पूर्ण भाषांतरे चार, पैकी तमिळ भाषांतर सौ. शरदिनी यांचे, हस्तलिखित.’ सही केली आणि काकांना न दाखवता दिवाणांच्या मुक्कामी नेऊन दिले. आपण पुरेसे केले असे मला वाटले. वहिनींना तसे सांगितलेही.

“शेवटची माझ्या नावाची ओळ तेवढी नक्की वाचतील ना?” त्यांनी विचारले.

“दिवाण आहेत ते, वहिनी. पूर्ण वाचतील.”

कार्तिक शुद्ध त्रयोदशीला दुपारी राजा घाटावर सभा भरली. वर मांडव, खाली पायऱ्यांवर सतरंज्या, डाव्या हाताला बायका. पुस्तके एका चौरंगावर रचली होती. त्यांच्यावर त्या दिवसासाठी पुन्हा ताजे कुंकू वाहिले होते, ओले. सगळ्यांत वरच्या पुस्तकावरून ते ओघळून खालच्या तीन पुस्तकांवर आले होते. पुस्तके हातात देण्याघेण्याचे काम माझ्याकडे होते. वहिनींनी वही पदराखाली आणली होती आणि सभा सुरू होण्याआधी ती माझ्या हातात दिली. “यादीत आहे, तर चौरंगावरही असू द्या,” त्या म्हणाल्या. मी ती सर्वांत खाली, कोरड्या जागी ठेवली.

दिवाण उठले. भले गृहस्थ, जरीची पगडी, नाकात तपकीर. माझे प्रमाणपत्र त्यांनी उलगडले आणि पहिले वाक्य खणखणीत आवाजात वाचले. “सव्वीस भाषांची... एकतीस पुस्तके... मी प्रत्यक्ष मोजली! सही, बिंदुमाधव, बी.एस्सी.!” मग कागद घडी करून खिशात घातला. सभेने टाळ्या वाजवल्या. बंगाली टोल्यातले ते चौदावाले ग्रंथकार पहिल्या ओळीत होते. त्यांनीही वाजवल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना, कारण त्यांची चौदा कदाचित खरी असतील.

मी उठून दिवाणांच्या कानाशी गेलो. “साहेब, खाली अजून दोन पानं आहेत.”

“हो हो, पाहिलं. पद्धत वगैरे. फार शिस्तीचं लिहिता तुम्ही,” ते म्हणाले आणि माझी पाठ थोपटली.

मग त्यांच्या मनात आले, की दोन-तीन भाषांतले थोडेथोडे वाचून दाखवावे. सभेत सगळ्या मुलखांतले लोक होतेच. प्रथम तेलुगू. एक तेलुगू पंडित पुढे आले, वयस्कर, खांद्यावर शाल. मी पुस्तक त्यांच्या हातात दिले, आणि खरे सांगतो, मला आनंद झाला. आता वाचतील, मला वाटले. आता तो उंदीर बाहेर येईल.

त्यांनी पहिले पान पाहिले. दुसरे पाहिले. काकांकडे पाहिले. काका विडा चघळत हसत होते. पंडितांनी सभेकडे पाहिले, दिवाणांच्या पगडीकडे पाहिले. मग पुस्तक छातीशी धरून डोळे मिटले आणि तेलुगूत गंगेची कसली तरी स्तुती पाठ म्हणायला लागले. गोड आवाज होता. आठ मिनिटे म्हणत होते. मी मोजत होतो; त्यांनी गंगेचे नाव तेवीस वेळा घेतले. पुस्तकात ते एकदा आहे. एकही पान उलटले गेले नाही. मागे बसलेले तेलुगू यात्रेकरू तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसत होते. त्यांतला एकही उठून बोलला नाही. “वाह! वाह शास्त्रीजी!” सभा म्हणत होती.

त्या दिवसाआधी मला वाटत असे, की खोटे एका माणसाचे असते.

“आता तमिळ!” दिवाण म्हणाले.

हिरवे पुस्तक वरच होते. मी ते बाजूला सारले आणि खालून वही काढली. काकांनी पाहिले. त्यांचा जबडा थांबला. पण सभेत ते काय करणार?

रामेश्वराकडचे एक वृद्ध शास्त्री पुढे आले. त्यांनी वही उघडली, चष्मा नीट केला आणि वाचायला लागले. खरोखर वाचायला लागले: बोट ओळीवरून सरकत होते, पान उलटले जात होते. मागे तमिळ यात्रेकरूंची तीसेक माणसे होती. ती पुढे सरकली. एका म्हाताऱ्या बाईने मोठ्याने काहीतरी विचारले. शास्त्र्यांनी वाचन थांबवून वहीतली एक टीप वाचून तिला उत्तर दिले, आणि तिने समाधानाने मान हलवली. मला एक शब्द कळत नव्हता. वहिनी बायकांत बसल्या होत्या. त्यांचे ओठ वाचनाबरोबर हलत होते.

शेवटच्या पानावर शास्त्री थबकले. त्यांनी ती ओळ मनात वाचली, पुन्हा वाचली, आणि काकांकडे वळून संस्कृतात विचारले, “येथे भाषांतरकार म्हणून एका स्त्रीचे नाव आहे. ही कोण?”

मी काकांकडे पाहिले. वहिनींनीही पाहिले.

“माझी सून,” काका म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. “अक्षर फार सुंदर आहे तिचं. तिनंच ही नक्कल करून दिली.”

“अहो, धन्य!” दिवाण म्हणाले. “अशी सून घरोघर असावी.”

सभेने वहिनींच्या दिशेने पाहून पुन्हा टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बायकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी बोलायला तोंड उघडले आणि म्हणालो, “नक्कल नव्हे, भाषांतर त्यांचं...” पण शिंग वाजले, शाल आली, काकांच्या खांद्यावर पडली. विष्णूदादाने माझे मनगट धरून मला खाली बसवले. त्याचा हात घामाने चिकट होता. घरी गेल्यावर मी ते मनगट धुतले.

संध्याकाळी मी वहिनींसमोर उभा राहिलो.

“भावजी, तुम्ही पहिल्या वाक्यात ते चार का नाही लिहिलेत?” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकात मीठ विसरलं तर पहिल्या घासाला कळतं. तुमच्या कागदात ते दुसऱ्या पानावर होतं.”

“रीत तशी असते, वहिनी.”

“हो. मामंजींकडंही सगळं रीतीनंच होतं.”

डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेची चिठ्ठी दिवाणांनी दुसऱ्या दिवशी पाठवली. ती मी त्यांना परत केली, पण त्यामुळे माझ्या सहीची किळस कमी झाली नाही. संस्थानची यादी छापून आली. तीत स्नानसोपानापुढे सव्वीस हा आकडा होता आणि भाषांतरकारांची नावे नव्हती, कोणाचीच.

ती म्हातारी तमिळ बाई मात्र तिसऱ्या दिवशी काकांच्या दारात आली. तिला ते वाचलेले हवे होते, घरी न्यायला. तिच्या मागून आणखी तिघे आले. छापील हिरवे पुस्तक काकांनी पुढे केले. त्यांनी ते चाळून परत दिले. वहीच हवी होती. काकांना नाही म्हणता येईना, सभेत सगळ्यांनी ऐकले होते. असे ठरले, की वही हनुमान घाटाकडच्या तमिळ छत्रात ठेवायची आणि ज्याला हवे त्याने तिथे बसून नक्कल करायची.

वही देण्याआधी वहिनींनी शेवटच्या पानावरचे आपले नाव पुन्हा गिरवले, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठे. खाली एक ओळ वाढवली आणि मला तिचा अर्थ सांगितला: ‘नक्कल करणाऱ्याने हे नावही उतरून घ्यावे.’

“यात तंजावरकडचे लोक असतील,” त्या म्हणाल्या. “कोणाची तरी नक्कल आईपर्यंत जाईल. मला छत्रात जाता येत नाही. तुम्ही जा. प्रत्येक नक्कल पुरी झाली की बघा माझं नाव आहे का. मला आकडा सांगा. गोड करून सांगू नका.”

त्यांनी माझ्या वहीतल्या गंगेच्या पानावर सर्वांत खाली तमिळ अक्षरांत आपले नाव लिहून दिले, आणि त्याखाली काकांचे, फरक कळावा म्हणून. मी रोज दुपारी छत्रात जात असे. लिहिणारी माणसे ओसरीत ओळीने बसत. लेखणी चांगली चाले. शेवटच्या पानावर आली की बरेच जण थांबत. काही शेजाऱ्याला विचारत. एकाने मला हिंदीत सांगितले, “शास्त्र्यांचं नाव घातलं तर पुण्य जास्त, नाही का? ही तर सून आहे, तुमच्या सभेत सांगितलं की.” मी त्याला खरे काय ते सांगितले. त्याने ऐकून घेतले, मान डोलावली, आणि शास्त्र्यांचे नाव लिहिले. मी पुढे प्रत्येकाला आधीच सांगू लागलो. काहींनी ऐकले.

मार्गशीर्षाच्या अमावास्येपर्यंत एकेचाळीस नकला पुऱ्या झाल्या. चौसष्ट श्लोक आणि नऊही टिपा एकेचाळीस नकलांत होत्या. भाषांतरकार म्हणून ढुंढिराजशास्त्र्यांचे नाव एकोणतीस नकलांत होते. तीन नकलांत कोणाचेच नव्हते. शरदिनी हे नाव नऊ नकलांत होते. त्यांतली तंजावरला गेली एक.